खंडेनवमी, त्रेसष्ट टक्के

पडद्यावरच्या पट्टीखाली एकतीस टक्के असा आकडा होता. अप्पा शेटे पूजेचं तबक घेऊन केबिनच्या दारात आले, थांबले आणि म्हणाले, "हे अजून चालू कसं?"

"चालू नाही अप्पा," मी म्हणालो. "बसवतोय."

"पंखा फिरतोय की आतला."

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. खंडेनवमीचा दिवस होता, आणि विट्याच्या नवयुग मुद्रणालयात खंडेनवमीला दुपारी बारानंतर कुठलंही यंत्र फिरत नसे. छपाईचं ट्रेडल आदल्या संध्याकाळीच रॉकेलनं धुऊन पुसून ठेवलं होतं. कागद कापायचं मशीन आणि तारेची शिलाई मारायचं मशीन यांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. सगळ्या प्रेसमध्ये आवाज काय तो आमच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरचा येत होता, आणि तोही जुन्या पंख्यामुळे जरा जास्तच.

ही दोन हजार आठ सालची गोष्ट. मी सांगलीच्या एका दैनिकाचा विट्याचा बातमीदार होतो. मला ऑफिस नव्हतं. नवयुगच्या पुढच्या खोलीत एक बाकडं होतं, त्यावर बसून मी बातम्या लिहायचो आणि शेजारच्या दुकानातून फॅक्स करायचो. उज्ज्वला फडतरेला सवड असली तर ती त्या टाइप करून द्यायची. नवयुगची ती एकमेव कॉम्प्युटर ऑपरेटर. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं, यात्रेची पोस्टरं, गेल्या आठ वर्षांत इथं जे छापलं गेलं ते सगळं आधी तिच्या बोटांखालून गेलेलं. नवरा यंत्रमागावर कामाला, दोन मुली शाळेत. गावात कंपोझिंगची आणखी दोन दुकानं होती, पण ती दोन्ही घरच्या माणसांनीच चालवलेली.

कॉम्प्युटरही आठ वर्षांचाच. गिऱ्हाइकं पेनड्राइव्हमधून पत्रिकेचा मजकूर आणायची आणि त्याच्याबरोबर व्हायरस. शेवटी शेवटी एक लग्नपत्रिका उघडायला लागायचा तेवढ्या वेळात समोरच्या टपरीवर जाऊन चहा पिऊन येता यायचं, आणि गिऱ्हाइकं तसं करायचीही. मालक दिगंबर शेटे, म्हणजे अप्पांचा मुलगा, याला दुरुस्तीवर खर्च करायचा नव्हता. त्याच्या मेहुण्यानं सांगलीत कंपोझिंगचं दुकान टाकलं होतं. मजकूर तिकडं पाठवायचा, तयार होऊन आला की इथं छापायचा, आणि केबिनच्या जागेत झेरॉक्स मशीन ठेवायचं, असा त्याचा बेत होता. सांगलीच्या एका विक्रेत्यानं दसऱ्याची योजना काढली होती: दसऱ्याच्या दिवशी जुना कॉम्प्युटर द्या, झेरॉक्स मशीन सवलतीत घ्या. विक्रेत्याचा टेम्पो दसऱ्याला बरोबर बारा वाजता विट्यात येणार होता.

मी दिगंबरला म्हणालो होतो की हेच मशीन लिनक्सवर नीट चालेल. लिनक्स फुकट मिळतं, जुन्या मशीनवर चालतं आणि त्याला पेनड्राइव्हवरचे व्हायरस चावत नाहीत. माझ्याकडे त्याची सीडी होती. खरं सांगायचं तर तोवर मी ते एकदाच बसवलं होतं, माझ्या भावाच्या मशीनवर, आणि त्यानंतर भाऊ महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता. हे मी दिगंबरला सांगितलं नाही. उज्ज्वलाला सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्ही फक्त बघा. करते मी."

तिनं खरंच केलं. पंधरा दिवस रोज अर्धा तास ती मशीन सीडीवरूनच सुरू करून शिकत होती. अक्षरांचा फॉन्ट वेगळा, कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी वेगळी. तिनं नवी मांडणी एका पुठ्ठ्यावर काढून घरी ओट्याजवळ लावली होती आणि भाकरी थापताना पाठ करत होती. जुनी सगळी कामं तिनं सीडींवर उतरवून घेतली. दिगंबरची अट अशी होती की दसऱ्याला टेम्पो यायच्या आत त्या मशीनवर केलेलं एक मराठी हँडबिल छापून त्याच्या हातात द्यायचं. दिलं तर मशीनही राहील आणि ती पण. नाही तर दोघंही नाहीत. तिच्याबद्दल तो इतकं स्पष्ट बोलला नव्हता. पण मशीन टेम्पोत गेल्यावर ऑपरेटरनं केबिनमध्ये बसून काय करायचं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती.

आदल्या दिवसापर्यंत एका पतपेढीच्या पावतीपुस्तकाचं काम सुरू होतं, त्यामुळे मशीन मोकळं झालं ते थेट खंडेनवमीलाच. त्यात भारनियमन. त्या वर्षी विट्यात सकाळी सात ते अकरा आणि दुपारी दोन ते सहा वीज नसायची. मधले तीन तास काय ते आपले. लिनक्स बसायला त्या मशीनवर एक तास चाळीस मिनिटं लागतील असा माझा अंदाज होता. अकरा वाजून चार मिनिटांनी उज्ज्वलानं सीडी घातली. बारा वाजताच्या नेमाची आठवण आम्हा दोघांनाही होती. पण केबिनकडे अप्पा कधी फिरकत नसत, त्यामुळे आपल्याला तो नेम लागू नाही अशी आमची समजूत होती.

"बंद करा," अप्पा म्हणाले.

मी त्यांना समजावून सांगितलं. जुनी विंडोज आम्ही पुसली आहे. नवी अर्धी बसली आहे. मध्येच बंद केलं तर मशीन सुरूच होणार नाही, सगळं परत पहिल्यापासून करावं लागेल. आणि दिगूभाऊंची उद्या बाराची अट आहे.

अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वय शहात्तर, पांढरी टोपी, कानात भिकबाळी. चाळीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा केला होता. एकोणऐंशी साली खंडेनवमीला कुणाच्या तरी घाईच्या कामासाठी ट्रेडल चालवलं आणि एका कामगाराचं बोट गेलं. नेम त्याच्या आधीपासूनचा होता. पण तेव्हापासून तो मोडायची भाषा कुणी केली नव्हती.

"उद्या बाराचं दिगूचं," ते म्हणाले. "आज बाराचं माझं. माझं आधी येतं."

हे बोलणं ऐकून ट्रेडलवाले दस्तगीरचाचा हात पुसत आले. पाठोपाठ दिगंबर आला. केबिन सहा बाय सातची. पाच माणसं आणि एक तबक म्हणजे कुणाला कोपर हलवायची सोय राहिली नाही.

दस्तगीरचाचांनी पडद्याकडे पाहून विचारलं की हा आकडा कसला. मी म्हणालो, शंभर झाले की काम पूर्ण. तेव्हा पस्तीस झाले होते. चाचांनी विचार केला आणि अप्पांना म्हणाले, "मालक, बाळंतीण अडली असताना तिला थांब म्हणता येत नाही."

"आजचाच मुहूर्त धरायला कुणी सांगितलं होतं बाळंतिणीला?"

"ते तिच्या हातात असतंय व्हय?"

"हिच्या होतं," अप्पा म्हणाले.

दिगंबरला यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. मशीन बसलं काय आणि न बसलं काय, त्याला दोन्ही चालणार होतं. पण सणाच्या दिवशी वडिलांचं डोकं फिरलेलं त्याला चालणार नव्हतं. त्यानं सुचवलं की पूजा होईपर्यंत मशीनवर एक चादर टाकू. अप्पांनी विचारलं की चादर टाकली की देवाला ऐकू यायचंही बंद होतं का. मग दिगंबरनं गुरुजींना फोन लावला. गुरुजी त्या दिवशी सकाळपासून चौदा कारखान्यांत पूजा सांगून आले होते आणि पंधराव्या ठिकाणी होते. त्यांनी एवढंच विचारलं, यंत्र तेलावर चालतं की विजेवर. विजेवर म्हटल्यावर ते म्हणाले, काही हरकत नाही, गाडीची पूजा आपण इंजिन चालू ठेवूनही करतोच की.

दिगंबरनं हे अप्पांना सांगितलं.

"गुरुजींची गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही," अप्पा म्हणाले. "म्हणून ते बंद करत नाहीत. शास्त्र म्हणून नव्हे."

अठ्ठेचाळीस टक्के. बाराला पाच कमी.

उज्ज्वला खुर्चीवर बसून पडद्याकडे पाहत होती आणि एका हातानं टेबलाची कड घट्ट धरून होती. मला तिच्यासाठी काहीतरी करावंसं वाटत होतं. पोलीस स्टेशन, तहसील, नगरपालिका अशा ठिकाणी रोज फिरणाऱ्या माणसाला एक सवय लागते. समोरच्यानं स्वतः काय केलंय ते शोधायचं आणि त्याचंच त्याच्या पुढ्यात ठेवायचं. मी तेच केलं.

"अप्पा, एक विचारू? या कॉम्प्युटरची पूजा तुम्ही कधी केली?"

"कधीच नाही."

"आठ वर्षांत एकदाही नाही?"

"नाही. त्याला तेल नाही, वंगण नाही. झिजत नाही, तापत नाही. त्याला कशाची पूजा?"

"म्हणजे तुमच्या लेखी ते हत्यारच नाही."

"नव्हेच."

"मग हत्यारांचा नेम त्याला कसा लागेल? केबिनमध्ये ट्यूब चालू आहे. ती बंद करा म्हणालात का? हे तसंच. एक वस्तू आहे, चालू आहे."

दस्तगीरचाचांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. अप्पा विचार करत होते. हा माणूस हट्टी होता, पण अप्रामाणिक नव्हता. मुद्दा बरोबर असेल तर तो कुणाचा आहे हे ते बघत नसत.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चालू द्या. हत्यार नव्हे ते."

आणि ते तबक घेऊन वळले. मी घड्याळ पाहिलं. बाराला दोन मिनिटं. या वेगानं पाऊणपर्यंत मशीन तयार. वीज जायच्या आत सव्वा तास हातात राहत होता. मी उज्ज्वलाकडे पाहिलं. ती आभार मानेल अशी अपेक्षा नव्हती, निदान हसेल अशी होती.

ती हसली नाही.

"अप्पा," ती म्हणाली, "मग आठ वर्षं मी इथं काय करते?"

अप्पा दारात थांबले. प्रश्न त्यांना समजला नाही. मलाही नाही. दिगंबर म्हणाला, अगं झालं ना तुझं काम, कशाला आता वाढवतेस.

तिनं दिगंबरकडे लक्ष दिलं नाही. "दस्तगीरचाचा ट्रेडलला कुंकू लावतात. कोरे बाइंडर कटिंगला लावतात. मी रांगोळी काढते, नारळ फोडते, सगळ्यांना खोबरं वाटते. म्हणजे मी काम करत नाही, असं ना?"

"तसं कोण म्हणालं?" अप्पा म्हणाले.

"आत्ताच म्हणालात. हत्यार नव्हे म्हणालात."

मी मध्येच बोलायचा प्रयत्न केला की उज्ज्वला, तो नुसता मुद्दा होता. तिनं माझ्याकडे न बघता तळहात वर केला. रस्त्यावरचा पोलीस करतो तसा. मी थांबलो.

पडद्यावर त्रेसष्ट टक्के झाले. तिनं तो आकडा पाहिला. मला नक्की माहीत आहे की पाहिला, कारण तिचे ओठ तो वाचताना हलले. मग ती वाकली आणि टेबलामागच्या बोर्डावरचं बटण तिनं बंद केलं.

पंखा दोन सेकंद फिरला आणि थांबला.

"हत्यार आहे," ती म्हणाली. "बारा वाजले. कुंकू द्या."

पुढच्या हॉलमधल्या घड्याळात खरोखरच बाराचे ठोके पडायला लागले. अप्पा सगळे बारा होईपर्यंत उभे होते. मग त्यांनी तबक पुढं केलं. उज्ज्वलानं मशीनच्या पत्र्याला हळद-कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. माळ उरली नव्हती. चाचांनी ट्रेडलच्या माळेतली दोन फुलं काढून आणून दिली. त्यांच्या दुसऱ्या हातात तेलाची बुधली होती. प्रत्येक यंत्राला पूजेत एक थेंब तेल द्यायची नवयुगची पद्धत होती, आणि चाचा मशीनच्या मागच्या जाळीत तो थेंब सोडायला वाकले. त्यांना मी कसंबसं अडवलं. शेवटी तेल टेबलाच्या खणाच्या कडेला लागलं. तो खण वर्षानुवर्षं करकरत होता. तेवढा एक फायदा झाला.

पूजा झाल्यावर कामगारांना मान द्यायची रीत होती. ज्याचं यंत्र त्याला टॉवेल-टोपी. उज्ज्वलाला दरवर्षी, माहेरवाशिणीला देतात तसा, खण-नारळ मिळायचा. दिगंबरनं तो तिच्यापुढं धरला. अप्पा म्हणाले, "टॉवेल-टोपी." दिगंबर म्हणाला की आणलेत ते मोजून आणलेत. अप्पा म्हणाले, दुकानं उघडी आहेत. दिगंबर चपला घालून गेला आणि दहा मिनिटांनी घेऊन आला. उज्ज्वलानं टॉवेल घेतला, टोपी उलटसुलट करून पाहिली आणि घड्या घालून पिशवीत ठेवली.

"यांना होईल," ती म्हणाली. यांना म्हणजे नवऱ्याला.

सगळे प्रसाद खायला पुढं गेल्यावर मी केबिनमध्ये उज्ज्वलापाशी थांबलो. मला राग आला होता, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नव्हतं. मी हिशेब मांडून दाखवला. उद्या सकाळी उत्तरपूजा, तोवर यंत्र फिरवायचं नाही. वीज येणार अकराला. एक तास चाळीस मिनिटं धरली तर मशीन तयार होणार बारा चाळीसला. टेम्पो येणार बाराला. चाळीस मिनिटं कमी पडतात, आणि ती कुठून आणायची ते तूच सांग.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बटण दाबायच्या आधीच मोजलं होतं."

"मग दाबलंस कशाला? मी तुझी नोकरी वाचवत होतो."

ती खोबऱ्याचा तुकडा बोटांनी मोडत होती. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं बोलायला?"

मी टेबलावरची सीडीची डबी उचलून परत ठेवली.

"रणदिवे, तुम्ही अप्पांना गप्प केलंत, ते बरोबरच. पण काय पटवून दिलंत? की ही बाई ज्याच्यावर काम करते ते यंत्र नव्हे, ट्यूबलाइट आहे. चाचांच्या समोर, दिगूभाऊंच्या समोर. आणि अप्पा म्हणाले, बरोबर आहे. ते ऐकून मी वर तुम्हाला थँक्यू म्हणायचं होतं?" तिनं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. "नोकरी जाईल बहुतेक. घरी काय सांगायचं ते बघते आता. खा, प्रसाद आहे."

मी खाल्लं. त्या दिवशी मी तहसीलदारांच्या हस्ते झालेल्या एका उद्घाटनाची चार ओळींची बातमी पाठवली आणि त्यात तहसीलदारांचं आडनाव चुकवलं.

दसऱ्याला सकाळी नऊला उत्तरपूजा झाली. अकरा वाजून दोन मिनिटांनी वीज आली. उज्ज्वलानं सीडी घातली, नवा टॉवेल खुर्चीच्या पाठीला टाकला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. भाषा, देश, कीबोर्ड, डिस्क. एकदा केलेलं असल्यामुळे हात भराभर चालले आणि चार मिनिटं वाचली. वीज दोन मिनिटं उशिरा आली होती, म्हणून उरली अडतीस.

साडेअकराच्या सुमाराला अप्पा एक स्टूल घेऊन केबिनमध्ये आले आणि टेबलाशेजारी बसले. आज हे लवकर होईल का असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही होणार. ते हूं म्हणाले आणि पट्टीकडे बघत बसले. मध्येच त्यांनी मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

"तापतंय की हे," ते म्हणाले.

"रोजच तापतं," उज्ज्वला म्हणाली.

टेम्पो बाराला आला नाही, बाराला पाच कमी असतानाच आला. विक्रेत्याचा माणूस पावतीपुस्तक घेऊन उतरला. त्याला पुढं खानापूर आणि आटपाडी करायचं होतं आणि सोन्याची पानं द्यायला घरी पोचायचं होतं. दिगंबर त्याला केबिनपर्यंत घेऊन आला. पडद्यावर सत्तावन्न टक्के. दिगंबरनं तिच्याकडे पाहून हात पसरले, म्हणजे मी तरी काय करू, असे. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे नमूद केलं पाहिजे. पण तो मागंही सरकत नव्हता. उज्ज्वला उठून उभी राहिली. खुर्चीवरचा टॉवेल तिनं घेतला आणि त्याची घडी घालायला लागली.

विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "चालू असला तरी चालेल. वायरी काढा, उचलतो."

"उचलता येणार नाही," अप्पा स्टुलावरून म्हणाले.

"का?"

"काल पूजा झालेलं हत्यार दसऱ्याला उंबऱ्याबाहेर जात नाही."

दिगंबर वडिलांकडे बघत राहिला. तो त्याच घरात, त्याच प्रेसमध्ये वाढला होता. त्यानं विचारलं की हा नेम कधीपासूनचा.

"पहिल्यापासूनचा."

"अप्पा, आपलं जुनं शिलाई मशीन आपण दसऱ्यालाच दिलं होतं. कराडच्या माणसाला. मी स्वतः गाडीत चढवलं."

"म्हणूनच तर त्याच्याकडे ते कधी धड चाललं नाही."

दस्तगीरचाचा दारात उभे होते. त्यांनी लगेच मान हलवली आणि ग्वाही दिली की खरं आहे, कराडचा माणूस शेवटपर्यंत तक्रार करत होता. पुढं कधीतरी मी चाचांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले की कराडच्या माणसाला त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

विक्रेत्याच्या माणसानं समजुतीनं घेतलं. तो म्हणाला, काका, सणाचं मीही समजतो, पण योजना आजच्यापुरती आहे, उद्या मला हे नेता येणार नाही. अप्पा म्हणाले, मग तुमच्यासाठी एक करतो. "या प्रेसमधलं काल पूजा न झालेलं काय सापडेल ते न्या. कुणी अडवणार नाही."

तो माणूस खरोखरच बाहेर जाऊन बघून आला. ट्रेडलला कुंकू होतं. कटिंगला होतं, शिलाईला होतं. खिळ्यांच्या जागी आता रद्दी ठेवायचं जे लाकडी कपाट होतं, त्यालाही सवयीनं एक बोट लागलेलं होतं. आदल्या दिवशी जिच्यापर्यंत तबक गेलं नव्हतं अशी एकच वस्तू त्याला मिळाली, ती म्हणजे दिगंबरची फिरती खुर्ची. ती घेऊन झेरॉक्सवर सवलत बसत नव्हती. त्यानं पावतीपुस्तक मिटलं, आपट्याचं एक पान अप्पांच्या हातात दिलं, एक दिगंबरच्या, वाकून नमस्कार केला आणि टेम्पो खानापूरकडे गेला.

दिगंबरनं शेवटचा मुद्दा काढला. तो म्हणाला, मशीन राहिलं ते राहिलं, पण माझी अट टेम्पो यायच्या आत हँडबिल द्यायची होती. टेम्पो येऊन गेला.

"रिकामा आला, रिकामा गेला," अप्पा म्हणाले. "त्याला आला म्हणत नाहीत. बस जरा."

दिगंबर आपली खुर्ची आत ओढून घेऊन बसला. उज्ज्वलाही बसली. टॉवेल मांडीवर होता. मला त्या क्षणी अप्पांच्या बाजूनं दोन मुद्दे सुचले होते, आणि दोन्ही चांगले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग मी बाकड्यावर जाऊन बसलो आणि बारा एकोणचाळीसपर्यंत तिथंच बसून राहिलो. बातमीदाराच्या नोकरीत मी याहून लांब सभा ऐकल्यात, पण एवढं गप्प कुठंच बसलो नाही.

बारा एकोणचाळीसला शंभर टक्के होऊन मशीन आपणहून बंद झालं आणि परत सुरू झालं. बारा एकावन्नला हँडबिल छापून बाहेर आलं. मजकूर तिनं आठवणीतून टाकला होता: एका रसवंतीगृहाची जाहिरात, आठ ओळी. दिगंबरनं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि वडिलांकडे दिला.

अप्पांनी चष्मा लावला. नवयुगमध्ये कॉम्प्युटरवर झालेलं कुठलंही काम त्यांनी तोवर हातात घेऊन वाचलं नव्हतं. त्यांनी आठही ओळी बोट ठेवून वाचल्या, मग पहिल्या ओळीवर परत आले.

"खालच्या दोन ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात," ते म्हणाले. "मध्ये श्वास घ्यायला जागा पाहिजे."

उज्ज्वलानं कागद परत घेतला, पाहिला. मांडीवरचा टॉवेल तिनं बाजूला ठेवला.

"जागा बरोबर आहे अप्पा," ती म्हणाली. "चष्मा पुसा."

"चष्मा पुसूनच आलोय. अर्धा सूत वाढव."

"अर्धा सूत वाढवला की पत्ता दुसऱ्या पानावर जातो."

"मग वरची ओळ लहान कर. गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

"मला कळतंय," ती म्हणाली, आणि तरीही तिनं माऊस हातात घेतला.

दोन वाजता वीज गेली तेव्हा ते सातवं हँडबिल होतं, आणि दोघांचं अजून पटलेलं नव्हतं.